रक्त भावाचं, केस माझा

मागं एकदा एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला माझाच आजार झाला होता आणि दीर अस्थिमज्जा देणार होता. वॉर्डातल्या सिस्टरनं मला विचारून माझा नंबर त्यांना दिलेला. ताप किती येतो, खायला काय देतात, खोलीत एकटं ठेवतात तेव्हा वेड लागायची वेळ येते का, असं सगळं विचारून झालं. मग त्या थांबल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "ताई, एक विचारू? रक्त दुसऱ्याचं झाल्यावर माणूस आपलंच राहतं ना?"

"राहतं की," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, इतक्या पटकन बोलायला नको होतं. मलाच ते अजून नीट उमगलेलं नाही. त्या बाईंसाठी, आणि त्या वॉर्डाच्या बाकड्यावर आज जे कुणी बसले असतील त्यांच्यासाठी, जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे. औषधांची नावं यात नाहीत. ती ज्याची त्याला डॉक्टर सांगतील.

निळे डाग

मी उषा. बजाजनगरला राहते आणि तिथल्याच एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माहेर पाचोडजवळच्या एका वाडीवरचं. आमची मेंढरं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटा भाऊ अंकुश वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानात असायचे. नवरा दिगंबर वाळूजच्या एका कारखान्यात पाळीनं काम करतो.

सुरुवात दंडावरच्या निळ्या डागांनी झाली. बाकाचा कोपरा जरा लागला तरी हाताएवढा डाग पडायचा. स्टाफरूममधल्या मैत्रिणी आधी चिडवायच्या, मग गप्प झाल्या. एकीनं मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" तिला वाटलं होतं दिगंबर मारतो. मी हसले. त्याला घरी सांगितलं तर तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शेजाऱ्यांच्या नजरेला नजर द्यायचा टाळायला लागला. न केलेल्या गोष्टीची शरम त्या माणसाच्या तोंडावर मी पाहिली आहे.

मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जिना चढताना छाती भरून यायची. कॉलनीतल्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर संध्याकाळी त्यांचाच फोन आला, "मॅडम, उद्या परत या. मशीननं काहीतरी चुकीचं दाखवलंय." दुसऱ्या दिवशीही मशीननं तेच दाखवलं.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कमरेच्या हाडात सुई घालून आतला नमुना घेतला. निदानाच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं आणि माझी माय होतो. डॉक्टर म्हणाले, "हाडांच्या आत रक्त तयार करणारा कारखाना असतो. तो बंद पडलाय."

दिगंबरनं विचारलं, "कामगार संपावर गेलेत सर, की मशीनच बिघडलंय?"

डॉक्टर त्याच्याकडं पाहत राहिले. "मशीन. नवं बसवावं लागेल. भावाचं जुळलं तर."

मायनं मात्र एकच प्रश्न विचारला, "कॅन्सर नाय ना?"

"नाही, कॅन्सर नाही."

"मग झालं तर!" माय चक्क हसली. बाहेर पडल्यावर गेटवरच्या टपरीवर तिनं आम्हाला चहा पाजला. हा आजारही माणसाला नेतो, हे तिला समजावून सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी चहा पीत होते आणि आपण आनंदात आहोत की संकटात, तेच मला कळत नव्हतं.

बाप अर्धा, भाऊ पुरा

अंकुशचं रक्त तपासलं. पुरेपूर जुळलं. आबांना हे कळलं तेव्हा ते मेंढरं शेजाऱ्याकडं सोपवून पहिल्या एसटीनं शहरात आले. अंगाला लोकरीचा वास, डोक्याला पटका. डॉक्टरांच्या टेबलावर उजवा हात आडवा ठेवून म्हणाले, "सायब, माझं घ्या. त्येचं लगीन व्हायचं हाय अजून."

डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांचं निम्मंच जुळतं. भावाचं पूर्ण जुळतंय, तर तेच घ्यायचं.

आबा बाहेर येऊन बाकड्यावर बसले. "बाप म्या, अन् अर्धा मीच? हे कंचं गणित?"

मी शिक्षिका. मी समजावलं. आबा, लेकरात निम्मं बापाचं येतं, निम्मं आईचं. कुणाला कोणतं निम्मं मिळेल ते सांगता येत नाही. मला आणि अंकुशला नेमकी सारखीच निवड मिळाली, निदान उपचाराला लागते तेवढ्यापुरती. हे नशीब आहे.

"मंग तुज्यात म्या अर्धाच," ते म्हणाले. जरा वेळानं, "बरं. अर्धा तर अर्धा."

मी आबांशी समोरासमोर बसून बोलले ते एवढंच शेवटचं.

काचेच्या आत

त्या खोलीबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. खोली लहान असते. भिंतीत एक मोठी काच. आत येणारा प्रत्येकजण तोंड, डोकं, पाय झाकून येतो, त्यामुळं माणसं डोळ्यांवरून ओळखायची. सकाळी रक्त काढायचं, मग गुळण्या, मग आंघोळ, मग उकळलेलं बेचव जेवण. नवं मशीन बसवण्याआधी जुनं पुरतं उखडून टाकतात. त्या औषधांनी तोंडभर फोड आले. केस उशीवर राहायला लागले. मला लांब केसांचं फार कौतुक होतं. शमीम आपा म्हणून एक मावशी होत्या तिथं. त्यांनीच मशीन फिरवलं माझ्या डोक्यावर. "रोने का नै बेटा," त्या म्हणाल्या, "रोये तो नाक बहता, नाक पोंछे तो खून आता. मेरेकूच साफ करना पडता." मी रडता रडता हसले. अशा बाया असतात त्या वॉर्डात. त्यांना धरून राहा.

प्रत्यारोपण म्हणजे मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. तसं काही नसतं. अंकुशला पलीकडच्या मजल्यावर एका यंत्राला जोडून दिवसभर बसवलं. एका हातातून रक्त बाहेर, हवं ते काढून घेऊन दुसऱ्या हातातून परत आत. रानात दिवसभर चालणारा पोरगा, त्याला त्या खुर्चीत हात न हलवता बसणंच जास्त जड गेलं म्हणे. संध्याकाळी गुलाबीसर द्रवाची एक पिशवी माझ्या सलाईनच्या खांबाला लटकली. रिकामी झाली. संपलं.

त्या संध्याकाळी काचेपलीकडं अंकुश आला. त्यानं दंडाची बेटकुळी काढून दाखवली आणि फोनवर म्हणाला, "अक्का, आता तूबी काठी घेऊन निघ मेंढरामागं."

दोनेक दिवस तो येत राहिला. मग यायचा बंद झाला.

"गेला गावाकडं, आबा एकटेच आहेत ना," दिगंबर म्हणाला. पटलं मला. मग मायही गेली. फोन केला की माय दोन शब्द बोलून ठेवायची. आबांना फोन दे म्हटलं की, "रानात हायती, रेंज नाय." मला ताप होता. तापात मला सगळ्यांचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू यायचे. दिगंबर मास्कच्या वर जे डोळे दाखवायचा ते लाल असायचे. मी विचारलं की म्हणायचा, रात्रपाळी. मला वाटायला लागलं की मी मरणार आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मला सांगत नाहीत. एके सकाळी डॉक्टर आनंदानं सांगत आले की पेशी वाढायला लागल्या, भावाचं बी रुजलं. मी त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. बातमी चांगली असेल तर माझा नवरा काचेपलीकडं भिंतीला टेकून का रडतोय?

घरी

मला आधी आबांना भेटायचं होतं, पण रुग्णालयातून सुटल्यावर गाडी गावाकडं न जाता बजाजनगरला आली. दार लावून दिगंबरनं मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसला.

अंकुश दवाखान्यात होता तेव्हा आबा एकटेच गोदावरीच्या काठाला मेंढरं घेऊन बसले होते. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि ओढ्याला एकाएकी पाणी आलं. बरीच मेंढरं वाहून गेली. आबाही गेले. गावानं, पोलिसांनी आठवडाभर काठ पालथा घातला. मेंढरं सापडली. आबा सापडले नाहीत.

"तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू टिकली नसतीस," दिगंबर म्हणाला. खरं असेल ते. पण त्या क्षणी मला राग आला, आणि कुणाचा आला तेच समजेना. त्याचा, पुराचा, की माझ्या अंगात नव्यानं वाहायला लागलेल्या त्या रक्ताचा, जे अंकुश इथं देत बसला म्हणून आबा तिथं एकटे होते.

भावकीतले लोक म्हणाले, पिठाचा पुतळा करून विधी उरकून घ्या. मायनं ठाम नकार दिला. "डोळ्यानं बघितल्याबिगर नाय." ती कुंकू लावत राहिली. बाया पाठीमागं बोलायच्या, तिच्या तोंडावर कुणाची हिंमत नव्हती.

आणि अंकुश माझ्याकडं येईना. उरलेली मेंढरं घेऊन तो लांब लांब जायला लागला. फोन केला तर "बरी हायस ना? गोळ्या खा" एवढंच. ज्याच्यामुळं मी जगले तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि आभार मानावेत तर कोणत्या तोंडानं? आजारपणाच्या पुस्तकांत थकव्याबद्दल लिहिलेलं असतं, तोंडाच्या चवीबद्दल लिहिलेलं असतं. याबद्दल कुठं काही सापडलं नाही मला.

तपासण्या चांगल्या येत गेल्या. माझा रक्तगट बी होता, तो ओ झाला. डॉक्टर खुश होऊन म्हणाले, "आता तुमचं रक्त पूर्णपणे भावाचं." मी मान डोलावली. खरं तर मी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डोक्यावर नवे केस यायला लागले होते, पूर्वी सरळ होते ते आता कुरळे. मी दिवसभर त्यांतून बोटं फिरवत बसायचे.

डोहात सापडलेलं

उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं. खालच्या अंगाला एका डोहाच्या गाळात माणसाची हाडं सापडली. कपड्याचा पत्ता नव्हता. त्याच पुरात शेजारच्या तालुक्यातला एक माणूस पण वाहून गेला होता, तोही साधारण आबांच्या वयाचा, त्यांच्याच उंचीचा. हाडं कुणाची ते डीएनए तपासल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. त्यासाठी लेकराचं रक्त लागणार होतं. अंकुश तेव्हा कळपासोबत लांब होता, फोन लागत नव्हता. मी शहरात होते. मी गेले.

सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर त्या दुसऱ्या माणसाची बायको तिच्या लेकासोबत बसली होती. आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्या बापाचं निघू दे म्हणू, का आमच्या मालकाचं? देवाकडं मागू तरी काय?"

माझ्याही मनात तेच चाललं होतं. आबांची हाडं निघाली तर आबा गेले. नाही निघाली तर मायला आणखी किती वाट पाहायला लावायची?

आत नर्सनं विचारलं, "हल्ली रक्त चढवलंय? एखादा अवयव बदललाय?"

"नाही," मी म्हणाले. हल्ली रक्त चढवलं नव्हतं. आणि अवयव म्हणजे मूत्रपिंड, यकृत असंच डोक्यात आलं. मी वर्गात दरवर्षी शिकवते की डीएनएवरून गुन्हेगार ओळखता येतो, मुलाचे आईबाप ओळखता येतात, प्राण्यांची आणि झाडांची जातकुळी लावता येते, एकसारखी जुळी सोडली तर दोन माणसांचा डीएनए सारखा नसतो. फळ्यावर चित्रही काढते. त्या खोलीत मात्र मी शिक्षिका नव्हते. दंडाला रबर बांधलं, नळी भरली, मी उठून आले.

बरेच आठवडे गेले. मग एका दुपारी पोलीस ठाण्यातून फौजदारांचा फोन आला.

"मॅडम, जरा अडचण हाय. ते रक्त तुम्हीच दिलं व्हतं ना?"

"हो. म्हणजे काय?"

"दुसरं कुणी तर दिलं नाय ना तुमच्या नावावर? कारण नमुना पुरुषाचा हाय म्हणतायत लॅबवाले."

मी फोन दिगंबरकडं दिला. त्यालाही तेच ऐकवलं त्यांनी. दिगंबर आधी हसला, मग माझ्याकडं पाहायला लागला, आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. मलाही त्याच वेळी उलगडलं. मी नळी भरून दिली होती, पण ते रक्त मी दिलंच नव्हतं. ते अंकुशचं होतं.

दोन कागद

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आम्ही नेलेलं रुग्णालयाचं प्रत्यारोपणाचं पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "आम्हाला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. अहो, असं पुस्तकात वाचलं होतं, समोर पहिल्यांदा पाहते आहे."

"हाडं?" मी विचारलं.

"तुमच्या नमुन्याशी बाप-लेकराचं नातं जुळतंय. पण तो नमुना तुमच्या भावाचा धरायचा, की तुमचा? मला अहवालात काय लिहू? भावाला बोलवा. त्यांचं रक्त घेऊ. तुमच्या रक्ताला ते तंतोतंत जुळलं की प्रश्न मिटला."

"आणि माझं?"

"तुमचं स्वतःचं आता रक्तात सापडणार नाही. गालाच्या आतलं घेतलं तर सरमिसळ येईल. केसाच्या मुळाशी मात्र तुम्ही अजून तुम्हीच आहात. पण कामापुरतं भावाचं रक्त पुरेसं आहे. केस दिला नाही तरी चालेल."

माझा हात आपोआप डोक्याकडं गेला. इतक्या मुश्किलीनं आलेले ते बोटभर केस.

"घ्या," मी म्हणाले.

का म्हणाले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मॅडमनी चिमट्यानं मुळासकट काही केस उपटले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्या दुखण्याचंच होतं. घरी येताना रिक्षात मला भलतीच भीती वाटली. समजा, केस जुळलाच नाही तर? असं काही नव्हतं, मला आजवर तशी शंकाही कधी आली नव्हती. पण जिचं रक्त पुरुषाचं निघतं तिचं काहीही निघू शकतं, असं वाटायला लागलं.

अंकुश आला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला समोरून पाहत होते. तो वाळला होता. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. रक्त देऊन झाल्यावर दंडावरचा कापूस दाबत तो खाली फरशीकडं पाहत बोलायला लागला, काही न विचारता.

"अक्का, तुला पिशवी लागली ना, त्याच दिवशी म्या आबाला फोन केला. म्हनलं झालं, उद्या निघतो. तर आबा म्हनले, काय घाई हाय? लेकीपाशी दोन दिस थांब. काचेतून का हुईना, तिला कुनी दिसाया पायजे. इथं म्या हाय. म्हून थांबलो. लगेच निघालो असतो तर…"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हे मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? तुला वाटलं असतं तुज्यामुळंच झालं."

"मला तसंच वाटतंय अंकुश. पहिल्या दिवसापासून."

तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "आन् मला वाटतंय माज्यामुळं."

त्याचा कापूस रक्तानं भिजला होता. मी माझ्या पर्समधला नवा कापूस काढून दिला. माझ्या पर्समध्ये अजून कायम कापूस असतो.

अहवाल आला त्या दिवशी मॅडमनी आम्हाला आत बोलावलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. वर-खाली टोकं असलेल्या रेघा होत्या. "हे बहिणीचं रक्त. हे भावाचं. काही फरक दिसतो?"

दिसत नव्हता. एका कागदाची दुसरी प्रत काढावी तसं होतं. मग त्यांनी तिसरा कागद ठेवला. त्यावरची टोकं वेगळी होती.

"हा तुमचा केस."

"हाडांशी?" मी विचारलं.

"जुळतो. हाडांचा लेक जुळला, हाडांची लेक पण जुळली. ते तुमचे वडीलच."

अंकुशनं डोळे पुसले. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, मॅडम मला म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. तुम्ही कुठं रक्त सांडलंत, तर मी पोलीस यांच्या दारात पाठवीन. केस सांडलात तर तुमच्या."

"अक्का," अंकुश नाक ओढत म्हणाला, "काय उद्योग करायचा आसंल तर केस सोडून ये बाई." पुरानंतर त्याला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर आल्यावर मी मायला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "आना त्येन्ला घरी." मग शेजारच्या तालुक्यातल्या त्या बाईंना फोन लावला. आमचं जुळलं, एवढंच सांगितलं. "बरं झालं तुमचं," त्या म्हणाल्या. त्यांचं अजून काहीच झालेलं नाही. त्यांचा लेक अजूनही नदीला पाणी कमी झालं की काठानं फिरतो.

माती

आमच्यात माती देतात. माळावर खड्डा तयार होता. पांढऱ्या कापडात बांधलेलं ते गाठोडं इतकं हलकं होतं की मायनं ते मांडीवर घेतलं तेव्हा लहान लेकराला घेतल्यासारखं दिसलं. तिचं कपाळ त्या सकाळी मोकळं होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं पुसलं होतं, कुणाला हात लावू दिला नाही.

पहिली माती लेकानं द्यायची. अंकुशनं दिली. मग तो बाजूला सरकून मला म्हणाला, "ये अक्का."

आमचे चुलते, तात्या, पुढं आले. "पोरीनं नसतंय दिऊ. रीत नाय."

माणसांत कुजबूज झाली. अंकुश पेटलाच. "तात्या, हिच्या अंगात माजंच रगात हाय. सरकारी कागदावर लिवलंय, पुरुषाचं म्हून. मंग ती ल्योकच की! कागद दावू का?"

कुणीतरी हसलं. तात्या गोंधळले. हा युक्तिवाद त्यांच्या आयुष्यात त्यांनी ऐकला नव्हता, आणि मी पाहत होते की ते नमत होते. मी दोन पावलं पुढं टाकली असती तर काम झालं असतं.

मला तिथं उभं राहून काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माझ्या नसांतून भाऊ वाहत होता, हे खरं. तो नसता तर मीही अशाच एका खड्ड्यात असते. पण आबा शहरात येऊन डॉक्टरांच्या टेबलावर हात टाकून बसले होते, ते कुणासाठी?

"तसं नको अंकुश," मी म्हणाले. "तात्या, रक्त याचंच आहे. पण मी याच्या नावावर माती देणार नाही. मी लेक आहे आबांची. लेक म्हणून देऊ देत असाल तर देते."

तात्या मायकडं पाहायला लागले. सगळेच पाहायला लागले. माय खाली बसलेली होती, तिनं मानही वर केली नाही.

"द्येऊ द्या तिला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला जंतूंच्या भीतीनं अजून मातीपासून जपायला सांगितलं होतं. दिगंबर माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं कारखान्यातले स्वच्छ धुतलेले हातमोजे माझ्यापुढं धरले. मी एक घातला. दुसरा त्याला परत दिला. मग वाकून, उघड्या हातानं, माती उचलली.